गोळी चहासोबत नको

गटाची बैठक म्हटली की हप्ता गोळा होण्याआधी चहा येतोच. आम्हालाही तो हवाच असतो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंमुळे आम्हाला चहाची दुसरी बाजू कळली.

ताईंचं हिमोग्लोबिन ८ होतं. रक्तवाढीची गोळी त्या एक दिवसही चुकवत नव्हत्या, तरी आकडा हलेना. बोलता बोलता कळलं, गोळी त्या सकाळच्या चहासोबत घ्यायच्या. आमच्यातल्या निम्म्याजणी तेच करत होत्या!

लोखंडी विळीवर कच्चं केळं चिरलं की पातं काळं पडतं ना? केळ्यातली तुरट द्रव्यं लोहाला धरतात. तशीच द्रव्यं चहाच्या पानात असतात. शास्त्रज्ञ त्यांना पॉलिफेनॉल म्हणतात. भाजी-भाकरीतलं आणि गोळीतलं लोह ती पोटात धरून ठेवतात. मग त्यातलं बरंचसं लोह रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी जेवणासोबत चहा देऊन हे तपासलं होतं. चहात दूध घातलं म्हणून फारसा फरक पडत नाही. गूळ घातला तरी ही द्रव्यं चहात राहतातच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून ही गोष्ट लहान नाही.

मग चहा सोडायचा का? नाही. फक्त वेळ बदलायची. २०१७ साली ब्रिटनमध्ये महिलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की जेवणानंतर तासाभरानं चहा घेतला तर अडथळा बराच कमी होतो. आम्ही ठरवलं: गोळी पाण्यासोबत किंवा लिंबू पाण्यासोबत घ्यायची. जेवणात लिंबाची फोड ठेवायची, कारण आंबटातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. चहा मात्र तासाभरानं.

ताईंचा आकडा तीन महिन्यांत १० वर आला. पण रक्त कमी असण्याची कारणं इतरही असतात: जंत, पाळीत जास्त रक्त जाणं. म्हणून तपासणी चुकवू नका आणि गोळी मनानं बंद करू नका. आशाताईंना विचारा.

येत्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा: गोळी कशासोबत घेतेस गं?