पुन्हा न येणारी नक्षी आणि प्रकाश

आजचा भाग सेवाग्रामहून. इथे खादीशिवाय गप्पा पुढे सरकत नाहीत, म्हणून प्रकाशाची गोष्टही कापडापासूनच सुरू करू.

बारीक सुताचा पातळ रुमाल डोळ्यासमोर ताणून धरा आणि अंधारात दहा-पंधरा मीटरवर ठेवलेल्या मोबाइलच्या टॉर्चकडे बघा. एका दिव्याच्या जागी ठिपक्यांची छोटी जाळी दिसते. धाग्यांमधल्या फटींतून आलेल्या लहरी काही दिशांना एकमेकींना साथ देतात, तिथे ठिपका. बाकी दिशांना एकमेकींना खोडतात, तिथे अंधार. हातसुताच्या जाड कापडात हे नीट दिसत नाही. धागा कुठे जाड, कुठे बारीक, त्यामुळे ठिपके फिसकटतात.

म्हणजे नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आली की ठिपके स्वच्छ, हे पटतंय ना? १९१२ साली स्फटिकांतून क्ष-किरण सोडून बघितले तेव्हापासून सगळ्यांनी याच्या उलटंही धरून ठेवलं होतं: ठिपके स्वच्छ, म्हणजे आत नक्षीची पुनरावृत्ती असणारच. आणि पुनरावृत्ती असेल तर पाचपट किंवा दहापट सममिती शक्य नाही. घरात सुसम पंचकोनी फरशा बसवून बघा, फटी राहतातच.

८ एप्रिल १९८२ ला डॅन शेख्टमन यांनी अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत नेमके दहाच्या वर्तुळात मांडलेले स्वच्छ ठिपके पाहिले. दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग शेवटपर्यंत ते मानायला तयार नव्हते. निबंध छापून यायला १९८४ उजाडलं, नोबेल मिळायला २०११. मला यात पॉलिंग खलनायक वाटत नाहीत. सत्तर वर्षं खरा ठरलेला नियम कोण सहज सोडेल?

मग आत होतं तरी काय? इथे आपल्याला आपले छंदशास्त्रवाले मदतीला येतात. लघु एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. हेमचंद्रांनी बाराव्या शतकात सांगितलेली हीच मालिका आज फिबोनाची म्हणून शिकवतात. आता लघु-गुरूंची एक ओळ करू. प्रत्येक पायरीला गुरूच्या जागी 'गुरू-लघु' लिहायचं आणि लघुच्या जागी 'गुरू'. ग, गल, गलग, गलगगल... कितीही वाढवा, एकच तुकडा ठरावीक अंतराने परत येत राहिला असं होणार नाही. पण मनमानीही नाही. पुढचं अक्षर नियमानेच ठरतं. क्वासिक्रिस्टल म्हणजे असं काहीतरी.

आता ग आणि ल यांच्या जागी दोन वेगळ्या पारदर्शक पदार्थांचे थर घ्या, प्रत्येक थर प्रकाशलहरीच्या साधारण चतुर्थांश जाडीचा. नियमित आलटून-पालटून थर असले तर काही रंग आत शिरतच नाहीत, परत फिरतात. या बंद पट्ट्याला बँडगॅप म्हणतात. फिबोनाची क्रमात मात्र एका मोठ्या गॅपऐवजी लहान-मोठे अनेक गॅप पडतात, गॅपशेजारी आणखी गॅप. आणि जो प्रकाश आत जातो त्याची अवस्था फार मजेशीर असते. तो नियमित स्फटिकातल्यासारखा सगळीकडे मोकळा पसरत नाही, आणि पूर्ण विस्कळीत पदार्थात अडकतो तसा एका जागी अडकतही नाही. मधलीच गत. काही ठिकाणी दाटतो, मग विरळ होतो, पुढे पुन्हा दाटतो.

याचा उपयोग काय? साध्या स्फटिकात दिशा बदलली की बंद होणारा रंगही बदलतो. बारापट किंवा वीसफलकी सममितीत सगळ्या दिशा जास्त सारख्या, त्यामुळे गॅपही जवळपास गोल. अडचण हिशेबाची आहे. पुनरावृत्तीच नाही, त्यामुळे एक घर सोडवून बाकीची सोडवली असं म्हणता येत नाही.

म्हणूनच २००५ साली प्रिन्स्टनच्या मंडळींनी हिशेब बाजूला ठेवून वस्तूच बनवली. प्लास्टिकची, सेंटिमीटरभर खणांची, वीसफलकी सममितीची जाळी. लहर त्याच मापाची हवी, म्हणून प्रकाशाऐवजी मायक्रोवेव्ह सोडल्या. नियम तेच लागू पडतात. मग जाळी थोडी थोडी फिरवत प्रत्येक कोनातून किती लहर पार होते ते मोजत गेले. साध्या प्लास्टिकच्या त्या जाळीतही गॅप चांगले रुंद निघाले, आणि सगळ्या बाजूंनी बऱ्यापैकी गोल.