संमोहन : बदल कुणाला हवा आहे?

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संमोहन' हा शब्द वाचून दोघीतिघींनी मला मघाशी चहाच्या वेळी गाठलं. "ताई, तुम्हीपण आता अंगारेधुपारे करायला लागलात की काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हा शब्द वशीकरण, भानामती आणि बुवाबाजी यांच्याच पंगतीला बसलेला. नाहीतर मग गणेशोत्सवात स्टेजवर पोरांना कोंबड्यासारखं आरवायला लावणारा कुणीतरी जादूगार. मीही बरीच वर्षं हसण्यावारीच नेत होते.

मी मानसतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगते. मी केंद्रावर बसणारी, बायांचं ऐकणारी कार्यकर्ती. आज जे सांगणार आहे त्यातलं थोडं वाचलेलं आहे, थोडं केंद्रावर पाहिलेलं आहे आणि बरंचसं स्वतःवर घेतलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी केंद्रावर एक जोडपं आलं. तो शिकलासवरलेला, चांगल्या नोकरीतला. ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेली. बोलणं सगळं त्याचंच. "मॅडम, मी वाचलंय, संमोहनानं स्वभाव बदलतो म्हणे. हिला तसं काहीतरी करा. फार घाबरट आहे. मी घरात पाऊल टाकलं की हिच्या हातातलं भांडं पडतं. मग माझं डोकं फिरतं." मी तिला एकटीला मागच्या व्हरांड्यात नेलं. तिनं तोंडानं काहीच सांगितलं नाही, फक्त पदर सरकवून दंड दाखवला. भांडं का पडत होतं ते कळलं.

आता बघा, त्या बाईची भीती काढून टाकणं शक्य आहे असं क्षणभर समजू. ती काढली तर काय होईल? मार तसाच राहील, फक्त तो येतोय याची वर्दी देणारं तिचं अंग गप्प होईल. तिची भीती हा आजार नव्हता. ती राखण होती. आणि बदल हवा होता तो तिला नाही, त्याला.

संमोहनाचा इतिहासही या बाबतीत फार उजळ नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शार्को नावाचे मोठे डॉक्टर होते. 'हिस्टेरिया' झालेल्या बायांना ते भर सभेत संमोहित करून दाखवत. १८८७ साली ब्रुइए या चित्रकारानं काढलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे. समोर वह्या घेऊन बसलेले पुरुषच पुरुष, आणि शुद्ध हरपून मागे कलंडलेली एक बाई. ब्लांश विटमन तिचं नाव. तिला काय हवं होतं ते मात्र चित्रातून कळत नाही.

पण त्याच काळातली दुसरी एक बाई मला फार जवळची वाटते. मानसशास्त्राच्या पुस्तकांत तिला 'ॲना ओ.' म्हणतात. खरं नाव बेर्टा पापेनहाइम. व्हिएन्नातली. १८८० साली वडिलांच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा करता करता ती स्वतः आजारी पडली. हात लुळा पडला, मातृभाषा बोलता येईना. डॉक्टर ब्रॉयर तिला संमोहनावस्थेत बोलतं करत. 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिचंच. गमतीत ती त्याला धुराडं साफ करणंही म्हणायची. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या पुस्तकात ती बरी झाल्याचं छापून आलं. प्रत्यक्षात त्या उपचारानंतरही तिला पुन्हा पुन्हा रुग्णालयात राहावं लागलं होतं. पुढे हीच बाई बायकांच्या हक्कांसाठी लढली. मेरी वुलस्टनक्राफ्टचं स्त्रियांच्या हक्कांवरचं पुस्तक तिनं १८९९ मध्ये जर्मन भाषेत आणलं, १९०४ साली ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, मुलींच्या व्यापाराविरुद्ध काम केलं. तिच्या उपचाराबद्दल पुस्तकं निघाली, पण तिच्या या कामाबद्दल आपल्यातल्या किती जणींना ठाऊक होतं?

आता माझं सांगते.

मी नवऱ्याचं घर १९९८ साली सोडलं. कोर्टकचेरी झाली, घटस्फोट मिळाला. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं, गाव सोडलं. मला त्याच्यापासून काही धोका राहिला नव्हता. पण खाली कुणी स्कूटर स्टँडला लावली, तो खट्टकन आवाज झाला, की माझ्या पोटात गोळा यायचा. हात गार पडायचे. एकदा आपल्याच एका बैठकीत बोलता बोलता खिडकीतून तो आवाज आला आणि पुढचं वाक्यच सापडेना. सगळ्यांना वाटलं, ताई दमल्यात. घर सोडून सतरा वर्षं झाली होती!

२०१५ साली मी एका मानसतज्ज्ञ बाईंकडे जायला लागले. त्यांनी आधी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम सुरू केलं. आवाज झाला की मनात कोणता विचार येतो, तो वास्तवाला धरून आहे का, त्याला पुरावा काय. आपल्यापैकी अनेकींना ही पद्धत माहीत आहे. मला तिचा उपयोग झाला. 'मी इतकी वर्षं चळवळीत असून घाबरते म्हणजे मी ढोंगी' हा जो विचार मी पोसत होते, तो सुटला. पण पोटातला गोळा जाईना. मी बाईंना म्हटलं, "डोक्याला सगळं पटतं हो, पोटाला पटत नाही." तेव्हा त्यांनी विचारलं, जोडीला संमोहन करून बघू या का? मी चार दिवस मागून घेतले आणि मग हो म्हटलं.

काय असतं ते? झोप नसते. मी आरामखुर्चीत होते. आधी नजर एका ठिकाणी स्थिर, मग डोळे मिटून संथ श्वास. बाहेरून गेलेली रिक्षा ऐकू येत होती, पंखा कुरकुरत होता तेही कळत होतं. सिनेमा बघताना आपण खुर्ची विसरतो ना, तसं लक्ष एका जागी गोळा होतं, आणि त्या वेळी मिळालेल्या सूचनेला मन एरवीपेक्षा जास्त साथ देतं. सगळ्यांना हे सारखं साधत नाही. काहींना पटकन जमतं, काहींना फारसं नाही.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "आता तुम्ही एक जिना उतरताय, एकेक पायरी..." मी ताडकन डोळे उघडले. जिन्यावरूनच त्यानं मला ढकललं होतं. बाई लगेच थांबल्या. म्हणाल्या, "चूक माझी. आधी विचारायला हवं होतं." संमोहनात मनाविरुद्ध काही करून घेता येतं का, हे तुम्ही सगळ्या विचारणार आहात. माझ्यापुरतं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. पण खुर्चीत बसलेली बाई समोरच्या माणसाला दबलेली असेल तर ती डोळे उघडेलच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

मग जिन्याऐवजी माहेरच्या मळ्यातली विहिरीकडे जाणारी पायवाट घेतली. अंग सैल पडलं की स्कूटर कल्पनेत आणायची. आधी लांब, चौकात. मग गल्लीच्या तोंडाशी. मग खाली, दाराशी. भीती वाढली तर मी बोट उचलायचं, की लगेच थांबायचं. भीतीला असं पायरीपायरीनं सामोरं जाण्याची पद्धत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५८ च्या त्यांच्या पुस्तकात मांडली. म्हणजे यात जादू काही नाही. उपचार तोच, संमोहनानं त्याला जोर मिळतो.

शेवटी एक सूचना असायची. बाई म्हणायच्या, "तुम्ही सुरक्षित आहात." मला ते काही भिडेना. 'सुरक्षित' हा शब्द मी रोज अर्जात लिहिते, तो मला कचेरीसारखा वाटतो. त्यांनी विचारलं, "तुमच्या भाषेत कसं म्हणाल?" मी डोळे मिटूनच म्हटलं, "कडी म्या लावलीया. किल्ली माझ्यापाशी हाय." आणि मला रडू आलं. पुढे तेच वाक्य धरलं. माझ्याच आवाजात फोनवर भरून घेतलं, रात्री ऐकायची.

नऊ वेळा गेले. चमत्कार नाही झाला. स्कूटरचा आवाज आजही ऐकू येतो, मान वर होते. पण हातातली भाजी निवडायची थांबत नाही. मध्ये एकदा तापात पडले होते तेव्हा पुन्हा दचकले, आणि मग ते वाक्य पुन्हा काही दिवस ऐकलं.

अभ्यास काय सांगतात? १९९५ मध्ये कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा अभ्यास एकत्र तपासले. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचाराला संमोहनाची जोड दिली, तर नुसत्या उपचारापेक्षा फायदा जास्त दिसला. वजन कमी करण्याबाबतचा त्यांचा आकडा मात्र पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा तपासला, तेव्हा बराच खाली आला. तेव्हा 'संमोहनाने पंधरा दिवसांत सडपातळ व्हा' अशा जाहिरातींना भुलू नका. आणि बाईनं सडपातळ व्हावं ही कुणाची इच्छा, हा आपला जुना प्रश्न आहेच.

एका बाबतीत मी अगदी हट्टी आहे. आपली एक तरुण कार्यकर्ती मला म्हणाली, "मुलीला लहानपणचं नीट आठवत नाही. संमोहनानं आठवून घेतलं तर जबाब पक्का होईल." मुळीच नाही. आठवण म्हणजे कॅसेट नव्हे, मागे फिरवली की जशीच्या तशी वाजायला. संमोहनात माणूस जास्त सांगतो, पण त्यात खऱ्याबरोबर चुकीचंही येतं आणि दोन्हींबद्दलची खात्री सारखीच वाढते. अमेरिकेत १९८० आणि ९०च्या दशकांत अशा 'परत मिळवलेल्या' आठवणींवर खटले उभे राहिले, आणि त्यातून उठलेल्या संशयाचा धुरळा खरंखुरं सोसलेल्या बायांच्या अंगावरही उडाला. मुलीला जेवढं आठवतं तेवढंच तिचं. तेवढ्यावर आपण तिच्या बाजूनं उभं राहायचं.

बाईला पाठवायचंच असेल तर कुणाकडे? दोन दिवसांच्या वर्गाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले पुष्कळ आहेत. चिकित्सा मानसतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारा. आणि सरळ विचारा, "संमोहन येत नसतं, तरी या त्रासावर तुम्ही उपचार केला असता का?" नाही म्हटलं तर उठून या. भास होत असतील, आवाज ऐकू येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. बाईला मैत्रीण बरोबर न्यावीशी वाटली तर त्याला हरकत घेणाऱ्याकडे जाऊच नका. आणि जिथं माणूसच मिळत नाही तिथं निदान १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक २०२२ पासून आहे, फुकट आहे. केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवा.

त्या जोडप्याचं राहिलं. नवऱ्याला आम्ही सांगितलं, इथं संमोहन मिळत नाही. बाईशी मात्र बोलत राहिलो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज करायला तिला वर्ष लागलं. मध्ये दोनदा परत गेली. आता बहिणीच्या शेजारी खोली घेऊन राहते, शिवणकाम करते. गेल्या महिन्यात आली होती. म्हणाली, "ताई, आता कुणी मारत नाही. तरी दार वाजलं की भांडं सुटतंच हातातून."

या वेळी तक्रार तिची होती. मी तिला माझी गोष्ट सांगितली, त्या मानसतज्ज्ञ बाईंचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. "मला काय बोलायला लावतील?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "ते तूच ठरवायचं." चिठ्ठी घडी करून तिनं पर्समध्ये ठेवली. अजून फोन केलेला नाही. मीही विचारलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.