नाव वेटिंगला असेल तर

 

आपल्या पोरी आता बी.ए., बी.कॉम.वर थांबत नाहीत. एम.बी.ए.ची सीईटी देतात. मग यादी लागते आणि नाव वेटिंगला असतं, नाहीतर पहिल्या फेरीत कॉलेजच मिळत नाही. लगेच घरात कुणीतरी म्हणतं, "राहू दे शिक्षण, स्थळ बघूया." दुसरं म्हणतं, "पैसे भरून सीट घेऊन टाकूया." या दुसऱ्या बोलण्यावर मला आज सांगायचंय, कारण त्या पैशासाठी कर्ज गटाकडेच मागितलं जातं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसचं वेटिंग तिकीट आपण काढतो. कुणी तिकीट रद्द केलं की आपला नंबर सरकतो. इथंही तसंच. हुशार मुलं चार ठिकाणी अर्ज करतात आणि जातात एकाच ठिकाणी. उरलेल्या जागा मोकळ्या होतात. नागपूरच्या आयआयएमसारख्या संस्था मग वेटिंगमधल्यांना बोलावतात. राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशात, म्हणजे कॅपमध्ये, एकामागून एक फेऱ्या होतात.

आता पैशाचं ऐका. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी शासनानं पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. पण ही माफी कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा थेट संस्थेत प्रवेश घेतला तर मिळत नाही. खासगी विद्यापीठांतही नाही. म्हणजे घाईनं सीट विकत घेतली, तर पुढच्या फेरीत जी फी माफ झाली असती तीच दोन वर्षं कर्ज काढून भरायची. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांचे नियमही आधी विचारून घ्या.

मग वाट बघताना काय करायचं? एक, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जातीची पडताळणी, जे लागू असेल ते आत्ताच काढा. नंबर लागल्यावर हातात दिवस थोडे असतात. दोन, पोरीला रोज संकेतस्थळ आणि मेसेज बघू दे. जागा मिळूनही मुदतीत हजर झालं नाही, तर ती जागा जाते. तीन, मोठ्या संस्थेचं वेटिंग असलं तरी कॅपची फेरी सोडू नका. मिळेल ती जागा घेण्याआधी, पुढे सोडावी लागली तर फी किती परत मिळेल ते लेखी विचारा. मूळ कागदपत्रं कुणी अडकवून ठेवत असेल, तर तसं करता येत नाही असा यूजीसीचा नियम आहे, हे ठणकावून सांगा.

हॉस्टेल, खानावळ, प्रवास यांचा खर्च मात्र आपल्यालाच करायचा आहे. गटाचं कर्ज त्यासाठी राखून ठेवा.

आणि पोरीला बोलू नका. वेटिंगला नाव लागतं ते घेण्याजोग्या मुलांचंच. या दिवसांत तिला गटाचं वहीखातं लिहायला द्या. मुलाखतीत सांगायला तिच्याजवळ खरा हिशोब असेल.

येत्या बैठकीत एकच विचारा, कुणाची मुलगी वेटिंगला आहे का? असेल तर तिचे कागद आपण सगळ्या मिळून बघू.