विकतचे दुवे आणि उसने पत्ते



कामगार चळवळीतल्या माणसाने जाहिरातीच्या शास्त्रावर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. पण मोजणी आणि साक्ष यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे, आणि इंटरनेटवरचा बाजारही याच दोन गोष्टींवर उभा आहे.

आपल्या राज्यात १९७१ च्या कायद्याने संघटनेला मान्यता मिळण्यासाठी कारखान्यातले किमान ३० टक्के कामगार आधीचे सहा महिने सभासद असल्याचे दाखवावे लागे. जिथे मोजणीवर लाभ मिळतो तिथे पावतीपुस्तके फुगवण्याचा मोह होतो, आणि म्हणून तपासणीही लागते.

गूगलचे तसेच आहे. १९९८ साली स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक युक्ती मांडली. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला की ती एक शिफारस मानायची. शिफारस करणारा वजनदार, तर तिचे वजन जास्त. त्याने शंभर जणांना वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडी. कल्पना सरळ होती. पण शिफारशींना किंमत आली आणि त्यांची दुकाने निघाली.

जे. सी. पेनी हे अमेरिकेतले मोठे दुकान. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले, की या दुकानाकडे बोट दाखवणारे हजारो दुवे भलत्याच, ओसाड संकेतस्थळांवर पेरलेले आहेत. गूगलने कारवाई केली. प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले हे दुकान दोनएक तासांत ७१ व्या क्रमांकावर गेले. आम्हाला ठाऊक नव्हते, असे दुकानाने सांगितले आणि सल्लागाराला काढून टाकले. पण क्रमांक गेला तो दुकानाचा! २०१२ च्या एप्रिलपासून तर गूगलने अशा बनावट दुव्यांना हुडकणारी यंत्रणाच बसवली.

आता प्रॉक्सी. प्रॉक्सी म्हणजे मधला दलाल. तुमची मागणी तो आपल्या पत्त्यावरून पुढे पाठवतो. समोरच्याला तुमचा पत्ता दिसत नाही. आपली जाहिरात नागपुरात कशी दिसते हे साताऱ्यात बसून पाहायचे असेल, तर हे साधन उपयोगी आहे. पण एकाच माणसाने शंभर गिऱ्हाइकांची सोंगे घ्यायची, तर त्यालाही हेच साधन लागते. मग प्रश्न उरतो, हे शंभर पत्ते कोणाचे?

२०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने '९११ एस५' नावाचे जाळे मोडले. फुकट व्हीपीएनच्या नावाखाली लोकांच्या संगणकांत शिरून त्यांचे पत्ते भाड्याने दिले जात होते. असे १ कोटी ९० लाखांहून अधिक पत्ते होते. त्या खात्याच्या अंदाजाप्रमाणे या पत्त्यांवरून बेकारभत्त्याचे ५ लाख ६० हजार खोटे अर्ज गेले, आणि ५९० कोटी डॉलरांवर पैसा बुडाला. हा पैसा कोणासाठी होता? काम गेलेल्या माणसासाठी! कोणा गृहस्थाच्या घरचा दरवाजा त्याला न विचारता वापरला गेला आणि बेकाराच्या तोंडचा घास पळवला गेला. म्हणून मी हा विषय निव्वळ धंद्याचा मानत नाही.

आपण व्यवहारात काय करावे? पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला नमस्कार करून वाटेला लावा. काम द्याल त्याच्याकडून दुवे कोठे कोठे लावले याची यादी लेखी मागा. पैसे देऊन दुवा घेतलात तर तो जाहिरात म्हणूनच उघड दाखवा. ज्यांच्याशी आपला खरा व्यवहार आहे, ते पुरवठादार, व्यापारी मंडळ, गावचे वर्तमानपत्र यांना मोकळेपणाने दुवा मागा. आणि त्यांनी द्यावा असे काही उपयुक्त आपल्या पानावर ठेवा. प्रॉक्सी विकत घेताना पत्ते कोणाचे, त्यांची संमती आहे काय, हे विचारा. गल्ल्यावरच्या संगणकात फुकटचे काही घालू नका.

मराठीत दुवा म्हणजे साखळीची कडी, आणि दुवा म्हणजे सदिच्छाही. दोन्ही अर्थांनी तो माणसाने माणसाला मनापासून दिला तरच टिकतो.