मोबाईलमधला मुकादम
(युवक मेळाव्यातील भाषण)



टीबीवर बोल म्हणून मला उभं केलंय. मी डॉक्टर नाही. दहावी झालो, गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो. म्हणजे मला दोनच गोष्टी कळतात, मजुरी आणि शब्द. त्या दोन्हींवरच बोलणार.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख माणसं टीबीनं आजारी पडली. साडेबारा लाख मेली. आजारी पडलेल्यांत ५५ टक्के पुरुष, ३३ टक्के बाया, बाकी पोरं. आणि दर चारातला एक आपल्या देशातला. जंतूला जात कळत नाही म्हणतात. बरोबर आहे. पण जातीनं वाट्याला दिलेली खोली त्याला बरोबर सापडते. दहा बाय दहा, खिडकी नाही, माणसं सात.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढले चार महिने तीन. गंमत अशी की दोन महिन्यांत खोकला बसतो, अंगात जीव येतो, गडी म्हणतो झालं काम! झालेलं नसतं. गोळी मध्येच सुटली तर उरलेले जंतू उलटतात, पुढं औषधालाही दाद देईनासे होतात. तेव्हा गोळी सोडायची नाही. यावर माझा वाद नाही. माझा वाद आहे तो गोळीवर पहारा ठेवणाऱ्या व्यवस्थेशी.

हा पहारा जुना आहे. १९५६ साली मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही रोगी सॅनिटोरियममध्ये ठेवले, काही त्यांच्याच दरिद्री घरात. घरी राहून औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले. गरीब माणूस आपल्या खोलीत बरा होऊ शकतो हे जगाला तिथं कळलं. पण विश्वास? तो नाही. अचानक घरी जाऊन गोळ्या मोजायच्या, लघवी तपासायची. १९९७ पासून डॉट्स आलं. कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळी गिळायची. त्यासाठी खाडा करायचा.

मग गेल्या दशकात मोबाईल आला. ९९डॉट्स त्याचं नाव. गोळ्यांच्या पाकिटाला पुठ्ठ्याचं वेष्टन. गोळी दाबून काढली की मागं लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर फुकटात मिस्ड कॉल द्यायचा. तिकडं संगणकात तुमच्या नावापुढं त्या दिवसाची नोंद. कॉल नाही गेला तर मेसेज, मग कर्मचाऱ्याचा फोन. रोजची दवाखान्याची खेप वाचली, हे चांगलंच झालं. नाकारत नाही.

पण मोबाईलनं मोजलं काय? कॉल! गोळी नव्हे. मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरला रोग्यांची लघवी तपासून फोनच्या नोंदीशी ताडून पाहिली. २०२० साली ते छापून आलं. मेळ नीट बसत नव्हता. गोळी घेणारे कॉल करत नव्हते, कॉल करणाऱ्या काहींच्या पोटात गोळी नव्हती.

का? ते पाकिटाला विचारून कळणार नाही. आमच्या टोळीतल्या एका गड्याचं सांगतो. या गोळ्यांनी लघवी लाल-नारिंगी होते. हा लघवीला एकटाच लांब जायचा. कुणी पाहिलं तर मुकादम टोळीतून काढील म्हणून. रात्रपाळीला रिकाम्या पोटी गोळी घेतली की उलटी. उलटी झाली की ओझं उचलवत नाही. ओझं नाही तर पैसा नाही. मग तो पाळी बघून गोळी गाळायचा. संगणकावर काय दिसलं? एक रिकामा चौकोन. त्या चौकोनात उलटी दिसत नाही, मुकादम दिसत नाही, बायकोपासून लपवलेलं पाकीट दिसत नाही. बाप्यानं कण्हायचं नाही हे लहानपणापासून त्याच्या डोक्यात भरलंय, ते तर कुठल्याच यंत्राला दिसत नाही. तो पितो, हे मात्र सगळ्यांना दिसतं.

आता शब्द. औषध सुटलेल्याला सरकारी कागदावर म्हणायचे डिफॉल्टर. म्हणजे बुडव्या! टीबीची शंका असेल तो सस्पेक्ट. म्हणजे संशयित! आजार आहे का दरोडा? २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं हे दोन्ही शब्द बाद केले. कागदावरून गेले. तोंडातून गेलेत का, ते रांगेत उभं राहून ऐका.

आणि २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या क्षयरोग विभागानंच राज्यांना कळवलं की औषधं यायला उशीर होईल, तुमची तुम्ही विकत घ्या. तेव्हा गोळी कुणी चुकवली? सरकारनं चुकवलेल्या गोळीला कुठला नंबर लावायचा?

फोन मोडा असं मी म्हणत नाही. केनियात नैरोबीला साध्या फोनवर रोग्याला रोज विचारलं जायचं, गोळी घेतली का? उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचे, तरी नाही तर माणूस स्वतः फोन करायचा. २०१९ साली निकाल छापला. नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या तेरा जणांचे उपचार फसले, या पद्धतीत चार जणांचे. फोनमागं माणूस लागतो, दोस्तांनो.

आणि पोटाला भाकर लागते. सरकार रोग्याला खुराकासाठी महिना ५०० देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० केले. हजारात घर चालवून दाखवा! बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली अडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला नेमलं. त्यातून १९४८ चा कायदा झाला. त्या विम्यात बसणाऱ्या टीबीच्या कामगाराला लांबच्या आजारात पगाराच्या ८० टक्के पैसे दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. पण आम्ही हजेरीपुस्तकातच नाही. ज्याचं नाव पुस्तकात नाही, त्याचं नाव संगणकात मात्र आहे. कशाला? चुका मोजायला.

तेव्हा मागणी साधी आहे. ठेकेदाराच्या माणसालाही विम्यात घ्या. औषधाची खिडकी पाळी सुटल्यावर उघडी ठेवा. रिकामा चौकोन दिसला की आधी विचारा : काय झालं, भाऊ?

आणि सरकार विचारीपर्यंत आपण थांबायचं नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. आपल्या वस्तीत गोळ्या चालू असलेला जो कुणी आपल्याला आपणहून सांगेल, त्याला रात्री एक फोन करा. गोळी घेतली का, हे नंतर विचारा. जेवलास का, हे आधी.

जय भीम.