गल्ला, तराजू आणि एक इंजिनियर

(मंडळाच्या व्यवसायविषयक कार्यक्रमात मी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. संपादकांच्या आग्रहावरून बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'किरकोळ व्यापारातील माहिती तंत्रज्ञान'. हे वाचून मलाच जांभई आली, मग तुमचं काय होणार? त्यातून आज जेवणात श्रीखंड होतं. तेव्हा मी सरळ एका दुकानाची गोष्ट सांगतो.

मी आयटी कन्सल्टंट. कॉम्प्युटर इंजिनियरिंगची पदवी घेतली आणि नंतरची वर्षं मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये काढली. दुकानाच्या गल्ल्याशी माझा संबंध पैसे देण्यापुरताच. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या एका काकांचा फोन आला. वय साठीकडे झुकलेलं, नोकरी नुकतीच गेलेली. इथे न्यू जर्सीतच किराणा दुकान काढायचं त्यांनी ठरवलं होतं आणि निवृत्तीसाठी साठवलेल्या पुंजीतला मोठा हिस्सा त्यात घातला होता. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? तेवढं ते बिलाचं मशीन लावून दे." त्या 'तेवढं'मध्ये माझे सहा शनिवार गेले. दिवाळी २७ ऑक्टोबरला होती आणि दुकान १९ तारखेला, शनिवारी उघडायचं होतं. दिवाळीची खरेदी हातची गेली तर काकांचा पुढच्या महिन्याचं भाडं भरायचा हिशेबच कोलमडणार होता.

गल्ल्याचा इतिहास मला मोठा गमतीचा वाटतो. ओहायोमधल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक सलूनवाला, म्हणजे दारूच्या गुत्त्याचा मालक होता. नोकर पैसे खिशात घालतात म्हणून वैतागून त्याने आणि त्याच्या भावाने हिशेब ठेवणारं यंत्र बनवलं आणि १८७९ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच राज्यात, डेटनपासून फारशा लांब नसलेल्या ट्रॉय गावातल्या सुपरमार्केटमध्ये २६ जून १९७४ ला बारकोड छापलेली पहिली वस्तू स्कॅन झाली. ती होती च्युइंगमची पुडी! एवढी क्रांती, आणि शेवटी काय, तर चघळायला गम.

आता आमचं सामान. एक कॉम्प्युटर, पावतीचा प्रिंटर, स्कॅनर, कार्डाचं यंत्र, गल्ला आणि काकांनी इंटरनेटवरून स्वस्तात मिळवलेला इलेक्ट्रॉनिक तराजू. "निम्म्या किमतीत मिळाला," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

पहिली फजिती गल्ल्याची. त्याची वायर दिसते फोनच्या वायरसारखी. ती मी कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या खाचेत घालून अर्धा तास झटापट केली. गल्ला ढिम्म. खरं म्हणजे ती वायर कॉम्प्युटरला जातच नाही, प्रिंटरला जाते. पावती छापली की प्रिंटर क्षणभर वीज सोडतो, बहुधा २४ व्होल्टची, आणि खटका सुटून खण उघडतो. पुस्तिकेत चित्र काढून दाखवलं होतं, पण इंजिनियर पुस्तिका वाचत नाहीत.

मग पावत्या कोऱ्या येऊ लागल्या. मी ड्रायव्हर दोनदा नव्याने घातला. रोल उलटा बसवला होता, बस्! थर्मल कागदाला एकाच बाजूने रसायनाचा थर असतो. नखाने ओरखडा काढा, काळा उमटला तर ती बाजू खरी.

स्कॅनर तर कॉम्प्युटरच्या लेखी साधा कीबोर्ड असतो. कर्सर जिथे असेल तिथे तो आकडे टाइप करतो. काकू बहिणीला ईमेल लिहीत होत्या आणि मी शेजारी हळदीचं पाकीट स्कॅन केलं. 'तुझ्या गुडघ्यांचं कसं काय' याच्यापुढे ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर उमटला! हे ८९० म्हणजे भारतातून नोंदवलेला क्रमांक. इथल्या मालावर बारा आकडे असतात आणि पुष्कळदा सुरुवात शून्याने. घाऊक व्यापाऱ्याने दिलेली यादी मी एक्सेलमध्ये उघडली आणि त्याने ती सगळी शून्यं गिळून टाकली. त्यामुळे हळद-हिंग झटक्यात बिलात येत होते, पण इथलं साधं बिस्किट ओळखायला यंत्र तयार नव्हतं. शून्यं परत लावायला दहा मिनिटं लागली, पण चूक सापडायला आख्खी रात्र.

टॅक्सची मजा वेगळीच. न्यू जर्सीत किराण्यातल्या बहुतेक खाण्याच्या वस्तूंवर सेल्स टॅक्स नाही, पण कँडीवर आहे, ६.६२५ टक्के. आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पीठ घातलेला पदार्थ कँडी नव्हे. म्हणजे शेंगदाण्याच्या चिक्कीवर टॅक्स, शंकरपाळ्यांवर नाही!

एका बाबतीत मात्र मी काकांशी भांडलो. त्यांना कार्डाचं जुनं, पट्टी ओढायचं यंत्र कोणीतरी फुकट देत होतं. पण १ ऑक्टोबर २०१५ पासून इथे नियम असा की, चिपचं कार्ड असूनही दुकानाने पट्टीवर चालवलं आणि ते बनावट निघालं, तर भुर्दंड बहुतेक वेळा दुकानदारावर. ते फुकटचं यंत्र फार महागात पडलं असतं. नवीन घेतलं आणि त्याला वेगळं नेटवर्क दिलं. गिऱ्हाइकांच्या वाय-फायवर ते ठेवायचं नाही म्हणजे नाही.

सोमवारी संध्याकाळी सगळं चालू झालं. मी खुशीत होतो. काकू चहा घेऊन आल्या, तराजू उचलून त्याचं बूड पाहिलं आणि म्हणाल्या, "याच्यावर शिक्का कुठाय रे?"

काकूंच्या वडिलांचं बार्शीला किराणा दुकान होतं. लोखंडी वजनाच्या बुडाशी शिसं भरलेलं असतं आणि त्यावर वजनमापाचा निरीक्षक शिक्का मारतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मी हसून म्हटलं, "काकू, ही अमेरिका आहे." आणि मग, मनात पाल चुकचुकली म्हणून, शोधायला बसलो. इथेही तेच! विक्रीच्या तराजूला त्यासाठीची मान्यता लागते आणि वजनमाप खात्याकडून तपासून त्यावर मोहर लावून घ्यावी लागते. आमचा स्वस्त तराजू टपाल मोजायच्या लायकीचा. एवढी पदवी घेतलेल्या माणसाने ते लेबल एकदाही वाचलं नव्हतं.

काका खुर्चीत बसले ते बोलेचनात. मिठाई, भाजी, सुटा सुका मेवा, सगळं वजनावर. मान्यता असलेला तराजू मागवला खरा, पण तो येऊन तपासणी होणार उद्घाटनानंतर. वाट काकूंनीच काढली. शनिवारी नारळ नगावर, कोथिंबीर जुडीवर, लाडू नगावर. सुका मेवा कंपनीने वजन छापून बंद केलेल्या पाकिटांचाच. गर्दी झाली आणि वजन करून मागणाऱ्यांना काकू ठणकावून सांगत होत्या, "शिक्का नाही अजून, पुढच्या आठवड्यात या."

बुधवारी निरीक्षक आला, आपली वजनं एकेक ठेवून त्याने तराजू तपासला आणि मोहर लावली. लक्ष्मीपूजनाला काकूंनी त्या तराजूला हळदकुंकू वाहिलं आणि पहिल्या दिवसाची पहिली पावती नव्या वहीत चिकटवली.

मध्यंतरी गेलो होतो तेव्हा त्यांनी ती वही काढून दाखवली. थर्मल कागद काही वर्षांत उडतो, पावती जवळजवळ कोरी झाली होती. काकूंनी वरून बॉलपेनने आकडे गिरवून ठेवले आहेत.