मुलीची पदवी आणि माझी सातवी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. गेली अकरा वर्षे मी मंडळाची खजिनदार म्हणून या दिवशी जमाखर्च वाचून दाखवते आणि खाली बसते, तेवढेच काय ते माझे भाषण. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "हिशेब दुसरी कोणी वाचील. तुम्ही मुलीच्या कॉलेजाविषयी बोला. पुष्कळजणींच्या मुली यंदा बारावीला आहेत." नाही म्हणायला जागाच ठेवली नाही त्यांनी. तेव्हा जे घडले ते जसेच्या तसे सांगते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझी थोरली मुलगी बारावी वाणिज्य शाखेतून, मराठी माध्यमातून पास झाली. पुढे काय करायचे हा प्रश्न पडला. तिला बी.बी.ए. म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घ्यायची होती. २०२४ सालापासून या अभ्यासक्रमासाठी महाराष्ट्रात सी.ई.टी. नावाची प्रवेशपरीक्षा सुरू झाली, तीही तिने दिली. एका विद्यापीठात याच पदवीचा दोन भाषांतला वर्ग नव्याने निघाला होता. शिकवणे मराठीत आणि इंग्रजीत, प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत, उत्तर हव्या त्या भाषेत लिहावे, असे माहितीपत्रकात छापले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उच्च शिक्षण मातृभाषेत किंवा दोन भाषांत द्यावे असे म्हटले आहे, त्याला धरून हे चालले होते. आपल्या चिंचवडजवळच निगडीला २०२१ साली मराठीतून इंजिनियरिंगचा वर्ग निघाला, हे आपल्यापैकी काहीजणींना ठाऊक असेल. त्यातलाच हा प्रकार.

माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, मराठीतून बी.बी.ए. करून नोकरी कोण देणार? उगीच पोरीची तीन वर्षे घालवाल." आमचे हे भोसरीला फिटर आहेत. ते काहीच बोलले नाहीत. रात्री एवढेच म्हणाले, "फी आपल्याला भरायची आहे, शिकायचे तिला आहे. ती म्हणेल ते." मी मनात म्हटले, माझे शिक्षण ज्या दिवशी थांबले, त्या दिवशी मला कोणी विचारले नव्हते. हिला विचारणारा बाप आहे, हे काय थोडे झाले?

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर तासगाव तालुक्यातले. गावची शाळा सातवीला संपे, आठवीला एस.टी.ने जावे लागे. त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली आणि दोन भावंडे लहान. शाळा सुटली ती सुटलीच. आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हंगामात काम आवरत नसे, तेव्हा ते वह्या घरी आणीत. कंदिलाजवळ बसून मी आकडे वाचायचे आणि अण्णांनी खूण करायची. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, येणे, देणे, घसारा हे शब्द मी शाळेत नव्हे, तिथे शिकले. पुढे संसारात त्यांचा उपयोग आपल्या मंडळाच्या वहीपुरताच राहिला.

असो. मुलीचा प्रवेश झाला. नवी दप्तरपिशवी, नवा पास, सगळे हौसेने झाले. पहिले पंधरा दिवस ती घरी येऊन भडाभडा बोलत असे. मग बोलणे कमी झाले. एका संध्याकाळी आली, पुस्तक पिशवीतून काढले आणि कपाटात ठेवून दिले. म्हणाली, "आई, मला नाही जमणार. चाचणीत तीसपैकी सात मिळाले. मी बी.कॉम.ला जाते, नाहीतर कुठेतरी कामाला लागते."

विचारता विचारता कळले की, कागदावर दोन भाषा होत्या, पण वर्गात एकच होती. शिकवणारे सर तास सगळा इंग्रजीत घेत आणि शेवटच्या पाच मिनिटांत "समजले ना?" एवढे मराठीत विचारीत. समजले नाही असे म्हणण्याची कोणाची छाती? मराठी पुस्तके ग्रंथालयात दोनचार, तीही कोणीतरी नेलेली. मुलगी इंग्रजी व्याख्या तोंडपाठ करी आणि पेपरात मध्येच एक शब्द विसरला की सगळेच विसरे.

त्या रात्री ती लेखाकर्माचे एक उदाहरण सोडवीत होती. अकरा वाजले तरी दिवा चालू. मी उठून पाहिले तर डोळे पुसत होती. "ट्रायल बॅलन्स जमत नाही," म्हणाली. मी म्हटले, "म्हणजे काय?" तिने कागद दाखवला. एका बाजूला नावे, एका बाजूला जमा, खाली दोन बेरजा. अग, ही तर आमच्या अण्णांची तेरीज! मी विचारले, "फरक किती येतो?" म्हणाली, "साडेचारशे."

अण्णांची शिकवण मला आठवली. तेरीज जमेना तर सगळी वही पुन्हा बेरजायची नाही. आधी फरकाची निम्मी रक्कम शोधायची. तेवढ्या रकमेची नोंद सापडली, तर ती चुकीच्या बाजूला पडली असण्याचा संभव. ती न सापडली, तर फरकाला नऊने भागून पाहायचे. पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले असावेत. साडेचारशेचे निम्मे सव्वादोनशे, तशी नोंद नव्हती. नऊने भाग गेला, पन्नास आले. मी म्हटले, "आता उलटे आकडे शोध." पाच मिनिटांत तिला सापडले. २,८३० रुपये होते, तिने खाली २,३८० उतरवले होते. फरक बरोबर साडेचारशे.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, तुला कसे येते हे?" मला हसू आले आणि खरे सांगायचे तर डोळ्यांत पाणीही आले. एकवीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. पानावर मधोमध रेघ. डावीकडे तिचा इंग्रजी शब्द आपल्याच अक्षरांत, उजवीकडे आपला शब्द. जर्नल म्हणजे रोजकीर्द. लेजर म्हणजे खतावणी. ट्रायल बॅलन्स म्हणजे तेरीज. बॅलन्स शीट म्हणजे ताळेबंद. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा. गंमत अशी की, यातले बहुतेक मराठी शब्द तिने बारावीच्या पुस्तपालनात वाचले होते. पण ते एका कप्प्यात आणि हे दुसऱ्या कप्प्यात. मधले दार कोणी उघडून दिले नव्हते.

एक शब्द अडला, गुडविल. व्याख्या तिला पाठ होती, अर्थ लागत नव्हता. मी तिला सांगितले, अण्णांच्या पेढीच्या मालकांनी म्हातारपणी दुकान विकले. घेणाऱ्याने गाळ्याचे पैसे दिले, काट्याचे दिले, फळ्या-गोणपाटाचेसुद्धा दिले आणि वर आणखी एक मोठी रक्कम दिली, ती कशाची? दारावरच्या पाटीची. ते नाव ऐकून शेतकरी डोळे मिटून हळद उतरवीत. पाटी काढायची नाही, असे घेणाऱ्यानेच कबूल करून घेतले. ती म्हणाली, "म्हणजे ख्याती! पुस्तकात ख्यातीच लिहिले आहे." तिने पेपरात हेच उदाहरण लिहिले, मराठीत, आणि मुख्य शब्द इंग्रजी ठेवला.

पण सगळेच गोड होते असे नाही. मराठी पुस्तकातले काही शब्द मलाही इंग्रजीइतकेच परके. मार्केटिंगला विपणन म्हणतात, हे मी जन्मात ऐकले नव्हते. बाजारात उभी हयात गेली तरी अण्णांनी तो शब्द कधी उच्चारला नसेल. अशा ठिकाणी मी मुलीला म्हटले, जो शब्द माणसे बोलतात तो धर, दुसरा परीक्षेपुरता लक्षात ठेव. शेवटी जमा, खर्च, वसूल, बाकी हे आपले रोजचे शब्दही एके काळी अरबी-फारसीतून आलेले आहेत, असे तिच्या मराठीच्या बाईंनी सांगितले. वापरून वापरून ते आपले झाले. अण्णांच्या पेढीवर माळ्यावर मोडी लिपीतल्या जुन्या वह्या होत्या. त्या अण्णांनाही वाचता येत नसत. लिपी गेली, पण कीर्द राहिली.

मुलीने मला आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. दुहेरी नोंदीची पद्धत प्रथम छापून प्रसिद्ध करणारा लुका पाचोली हा इटलीतला एक धर्मगुरू. त्याचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिस येथे निघाला. त्या काळी विद्वान मंडळी लॅटिनमध्ये लिहीत. याने मात्र व्यापाऱ्यांना समजावे म्हणून लोकांच्या बोलण्यातल्या भाषेत लिहिले. आणि आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा शिकवणे मातृभाषेतूनच ठेवले आणि इंग्रजीलाही जागा दिली. म्हणजे दोन भाषांत शिकणे हे काही कालचे खूळ नव्हे.

आता कॉलेजातल्या तक्रारीचे सांगते. आम्ही चौघी आया मिळून विभागप्रमुख बाईंना भेटायला गेलो. जाताना पाय लटपटत होते. मी म्हटले, "बाई, माहितीपत्रकात दोन भाषा छापल्या आहेत. आमच्या मुलींना एकच मिळते." बाई रागावतील असे वाटले होते. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "खरे सांगू? आमचे सगळे शिक्षण इंग्रजीतून झाले. आम्हांलाच मराठी शब्द येत नाहीत." त्या बोलण्याने माझा राग गेला. मी आमची रेघेची वही त्यांना दाखवली. त्यांनी ती चाळली, दोन पानांची नक्कल काढून घेतली आणि प्रत्येक धड्याला अशी एक यादी वर्गात करायचे ठरवले. राज्याच्या भाषा संचालनालयाने केलेला वाणिज्यशास्त्राचा परिभाषा कोशही त्यांनी ग्रंथालयात काढून ठेवायला सांगितला. सरांची सवय एका दिवसात गेली नाही. अजूनही ते कधी कधी इंग्रजीच्या गाडीत बसले की उतरत नाहीत. पण आता मुली हात वर करतात.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. लेखाकर्मात चांगले गुण पडले. संख्याशास्त्र मात्र राहिले. ते पुन्हा द्यावे लागेल. हे मी लपवीत नाही, कारण इथे पुढच्या वर्षी मुलीला पाठवणाऱ्या आया बसल्या आहेत. दोन भाषा म्हणजे निम्मी मेहनत नव्हे, दुप्पट मेहनत आहे. जी मुलगी इंग्रजी टाळायला म्हणून तिथे जाईल, तिची फसगत होईल. कर, कंपनीचे कायदे, संगणकावरचे हिशेब हे सारे बहुतेक इंग्रजीतच पुढे येते. पण जी मुलगी दोन्ही घेऊन बाहेर पडेल, ती साहेबाला पत्रही लिहील आणि बचतगटातल्या बाईला कर्जाचा कागदही समजावून देईल. दिरांना मी हेच सांगितले. ते अजून पटले म्हणत नाहीत, पण परवा आपल्या मुलीसाठी माहितीपत्रक मागून नेले.

प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. शिकवणारे खरोखर दोन भाषांत शिकवतात का, हे वरच्या वर्गातल्या मुलींना विचारा, कचेरीत नको. प्रश्नपत्रिका आणि उत्तरे दोन्ही भाषांत चालतात, हे विद्यापीठाच्या लेखी नियमांत आहे ना, ते पाहा. आणि ग्रंथालयात जाऊन मराठी पुस्तके डोळ्यांनी बघा.

मंडळालाही माझी एक विनंती आहे. आपली भिशीची आणि मसाला विक्रीची वही यंदापासून या मुलींच्या हाती द्यावी. पुस्तकातली काल्पनिक दुकाने त्या पुष्कळ सोडवतात. एकदा खऱ्या बायकांचे खरे पैसे हातात येऊ देत. मी शेजारी बसेन. यंदाची तेरीज माझ्या मुलीनेच घातली आणि तिने माझीच एक चूक काढली. तेलाच्या डब्याचे १८० रुपये मी दोनदा लिहिले होते. तुमच्या देखत कबूल करते.

पूर्वी कोणी शिक्षण विचारले की मी खाली मान घालून "सातवी" म्हणायचे. आताही सातवीच म्हणते, पण मान वर ठेवून.